माझ्या नावाचं रक्त

"मानूस जळून राह्यला अन् तुमी म्हनता रक्त साफ हाये! कोनाचं रक्त साफ हाये, बाई?"

ही माझी बायको शकीला. ती ओरडली की आमच्या गावचे बगळे उडतात ते थेट बस्तरात जाऊन उतरतात. त्या दिवशी ती दवाखान्याच्या डॉक्टरबाईंवर ओरडत होती, आणि तेही माझ्या खाटेच्या वरून, जणू मी खाटेवर नव्हतोच. माझ्या एका हातात सलाईनची सुई होती आणि डोळे मिटलेले होते. डोळे उघडले की छताचा पंखा खाली उतरून छातीवर बसायचा, म्हणून मिटलेलेच बरे.

डॉक्टरबाई शांतपणे समजावत होत्या. आम्ही तुमच्या गावात स्वतः आलो होतो, त्या म्हणाल्या. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात रफिकभाऊंचं नाव निघालं, त्यांच्या बोटाचं रक्त घेतलं, काचेवर पसरून इथे तपासलं. हिवतापाचा एकही जंतू नव्हता. म्हणून तर टायफॉईडचं औषध चालू आहे.

"कोनत्या दिवशी घेतलं?" शकीलाने विचारलं.

"बाजाराच्या दिवशी. बुधवारी."

"त्या बुधवारी हा मानूस मुतायलेही खाटेवरून उठला नाई. मग तुमी बोट कोनाचं टोचलं?"

मी एक डोळा किलकिला केला. माझा धाकटा भाऊ यासीन खिडकीशी बसून माझ्यासाठी उकडलेलं अंडं सोलत होता. त्याने मान वर केली नाही. अंड्याचं टरफल कागदावर ठेवलं आणि म्हणाला, "माझं होतं."

डॉक्टरबाई शेजारच्या खाटेवर मटकन बसल्या. तिथे एका म्हाताऱ्याचे पाय होते, ते त्याने ओढून घेतले.

ताप

हे मी तापातून उठलेल्या माणसांसाठी लिहितो आहे, आणि जे अजून पडून आहेत त्यांच्यासाठी. डॉक्टरी पुस्तकात काय लिहिलंय ते पुस्तकाला विचारा. मी तुम्हाला खाटेवरून दिसतं ते सांगतो.

मी मूळचा मूल गावचा. भामरागडच्या पुढे एका जंगलातल्या गावात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे चार खांब, वर पळसाची पानं आणि एक पंप. वीज तिकडे ऊर्जानगरात तयार होते. आमच्या गावात तिची नुसती तार येऊन पोचली होती, तिच्यावर पाखरं बसायची. गावात आमचं एकच मुसलमानाचं घर. बाकी सगळी माडिया माणसं. त्यांनी मला जागा दिली, कुडाच्या भिंती उभ्या करून दिल्या. मी त्यांच्या सायकली उभ्या ठेवल्या. वडील गेले तेव्हा यासीन माझ्या कमरेएवढा होता. त्याला मीच वाढवला, पंक्चर काढायला मीच शिकवलं.

आमच्या तिकडचा डास तुम्ही पाहिला नसेल. मी त्याला सायकलीच्या मागच्या सीटवर बसून जाताना पाहिलं आहे. पाऊस सुरू झाला तसा मला ताप आला. एक दिवस थंडी, एक दिवस बरं, पुन्हा थंडी. थंडी अशी की खाट माझ्यासकट दारापर्यंत सरकत यायची आणि शकीला तिला पुन्हा जागेवर ढकलायची. मग ताप चढला की ती माझ्या पोटावर पापड भाजू शकली असती. भाजला नाही, कारण घरात पापड नव्हता.

अशाच एका थंडीच्या दिवशी डॉक्टरबाई गावात आल्या.

चिठ्ठ्या

नदी थोडी उतरली होती. बाई डोंग्यातून नदी पार करून आल्या, सोबत दोन माणसं आणि काचांची पेटी. मी हे सगळं नंतर ऐकलं, कारण तेव्हा मी गोधडीखाली होतो.

त्यांना एकच गोष्ट हवी होती: या गावात हिवताप किती आहे. जिथे जास्त, तिथे आधी फवारणी, आधी गोळ्या. आसपास अशी बरीच गावं होती आणि फवारणीची माणसं थोडी. सगळ्यांचं रक्त घेणं शक्य नव्हतं. मग थोड्यांचं घ्यायचं आणि त्यावरून गावाचा अंदाज बांधायचा.

आमच्या गावचे पाटील लालसूभाऊ म्हणाले, एवढंच ना, चौकात हाक मारतो, जे येतील त्यांचं घ्या. बाई नाही म्हणाल्या. हाक ऐकून कोण येतं? ज्याला चालता येतं तो. अंगात ताप असलेला घरातच राहतो. मग तुमच्या चौकात सगळे धडधाकट आणि मी लिहिणार की गाव ठणठणीत. म्हणून त्यांनी सगळ्या मोठ्या माणसांची नावं कागदाच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात टाकली आणि सगळ्यांसमोर हलवून काढली. ज्याचं नाव निघेल त्याचंच रक्त. पाटील असो की सायकलवाला, प्रत्येकाला निघण्याची संधी सारखी.

बरोबर होतं. आजही म्हणतो, बरोबर होतं. पुढच्या दाराला बाईंनी पक्की कडी घातली होती.

पण आमच्या गावाला मागचं दारही आहे. गावाचं काम निघालं, वाट साफ करायची असो, कुंपण घालायचं असो, की घरटी एक माणूस जातो. ज्याचा नंबर आहे तो आजारी असेल तर त्याचा भाऊ जातो, भाऊ नसेल तर बायको जाते. कोणी विचारतही नाही. घराचा माणूस आला, घराचं काम झालं. मी त्या गावात राहायला गेलो आणि पहिल्यांदा माझ्या दारात अशी हाक आली, तेव्हा माझी छाती पंपाने हवा भरल्यासारखी फुगली होती. आमचं घर गावाने घर म्हणून धरलं होतं.

मग चिठ्ठी निघाली: रफिक. शकीला पाण्याला गेली होती. लालसूभाऊंनी माझ्या दाराशी येऊन पाहिलं, मी गोधडीत दात वाजवत होतो. ते यासीनला म्हणाले, तो पडून हाये, तू जा. पाहुणे नदी पार करून आले होते, रिकाम्या हाताने कसे परत जातील? यासीन गेला. बोटं बाईंसोबतची माणसं टोचत होती; नाव विचारलं तर त्याने माझं सांगितलं. आणि ज्या ज्या घरातला निघालेला माणूस तापाने पडला होता, त्या त्या घरातून असाच दुसरा गेला. प्रेमानेच गेला.

डॉक्टरबाईंच्या काचा साफ निघाल्या. गावाचं नाव फवारणीच्या रांगेत शेवटी गेलं. आणि माझ्या रक्तात काही नाही, असं माझ्या नावाने ठरलं.

नदीपलीकडे

काही दिवसांनी मी शकीलाला पाटील समजून नमस्कार केला. तेव्हा तिने ठरवलं की आता पुरे. मला खाटेसकट उचललं, डोंग्यात घातलं. नदीच्या मधोमध मी म्हणे उठून बसलो आणि नावाड्याला सांगितलं की तुझ्या डोंग्याच्या मागच्या चाकात हवा कमी आहे. मला आठवत नाही. पण मी म्हटलं असेल, कारण सवय आहे.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मला ओळखलं. म्हणजे माझं नाव ओळखलं. हिवताप नाही हे आपणच तपासलंय, त्या म्हणाल्या, मग दुसरं काही शोधू. आणि दुसरं शोधत राहिल्या. मी टायफॉईडच्या गोळ्या गिळत होतो आणि माझ्या डोक्यात जंतू लग्नाची वरात काढत होते.

या सगळ्या दिवसांत यासीन माझ्या उशाशी होता. तो पाणी पाजायचा, कपाळावर पट्टी ठेवायचा, अंडं सोलायचा. डॉक्टरबाई रोज खाटेशी येऊन "तुमचं रक्त तर साफ आहे" म्हणायच्या. तो रोज ऐकायचा. बोटभर अंतरावर उभा राहून ऐकायचा.

हे मला त्या अंड्याच्या दिवशी कळलं. हिवताप झाला हे दुःख नव्हतं, आमच्याकडे तो कोणाला होत नाही? ज्याला मी सायकलीच्या दांडीवर बसवून मूलच्या शाळेत सोडलं, तो माझ्या मरणाकडे बघत अंडं सोलत होता, हे मला गिळता येईना. अंडंही गिळता आलं नाही.

माझं बोट

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी स्वतः माझं बोट टोचलं. काच घेऊन त्या आत गेल्या आणि तासाभरात परत आल्या. सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, शकीलाकडे पाहिलं. जंतू भरपूर आहेत, त्या म्हणाल्या. डोक्यात चढणारा प्रकार आहे. औषध आत्ता सुरू करते. उशीर झालाय, पण अजून वेळ आहे.

शकीला ओरडली नाही. त्याचीच मला भीती वाटली. तिने फक्त माझ्या पायांवरची चादर नीट केली आणि यासीनला म्हणाली, "भाऊजी, तुमी बाहीर बसा."

नवं औषध सलाईनमधून यायला लागलं. ते शिरेतून जातं तरी तोंड कडू करतं, कसं ते मला विचारू नका. कानात भोंगा वाजायला लागला, मूलच्या राइस मिलचा भोंगा, तोच, दुपारच्या जेवणाचा. मी सिस्टरला विचारलं, सुट्टी झाली का? ती म्हणाली, औषधाने कान वाजतात, घाबरू नका. हे औषध मिळालं तर वाचणाऱ्यांनो, तुमचेही वाजतील. घाबरू नका.

पण मी घाबरलो होतो, हे लिहून ठेवतो. मी मोठ्या तोंडाचा माणूस आहे. वाघाने माझ्या दुकानात येऊन हवा भरून घेतल्याची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की वाघालाही ती खरी वाटत असेल. त्या वेळी मात्र एक गोष्ट सुचत नव्हती. शकीलाचं नाव मधेच विसरायचो आणि मग ते सापडेपर्यंत घाम फुटायचा. ते सापडलं की मी तिला हाक मारायचो, काम काही नसायचं. ती "हं" म्हणायची. दर वेळी म्हणायची.

दवाखान्याचा दिवस फिनाईलच्या वासाने सुरू व्हायचा. मग काखेत थर्मामीटर, मग बाई, मग मागच्या आवारात नातेवाइकांच्या चुली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको माडियाशिवाय काही बोलत नव्हती आणि शकीलाला माडिया तोडकंमोडकं येतं. तरी रोज सकाळी ती वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातून पेज ओतून शकीलाला द्यायची आणि शकीला तिला आपली चटणी. दोघी माझ्याकडे बघून काहीतरी बोलायच्या आणि हसायच्या. माझा ताप त्या हसण्याने उतरला असं मी सगळ्यांना सांगतो. डॉक्टरबाईंचं मत वेगळं आहे.

परखी

बरा व्हायला लागलो तसा राग वाढला. अंगात ताकद आली की ती आधी रागात जाते, हेही लिहून ठेवतो.

डॉक्टरबाई एका दुपारी खाटेशी येऊन बसल्या. माफ करा म्हणाल्या. काच खोटी नव्हती, त्या म्हणाल्या, पण काचेवरचा माणूस दुसरा होता, आणि मी पुन्हा न तपासता नावावर विश्वास ठेवला.

मी म्हटलं, बाई, माझे वडील मूलच्या राइस मिलमध्ये परखी मारायचे. परखी म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार पोकळ नळी; बाहेर काढली की तिच्या खोबणीत आतला तांदूळ येतो. सगळं पोतं कोण उपसून बघतो? मूठभरावर भाव ठरतो. माझे वडील म्हणजे असे की पोतं नुसतं हुंगून सांगायचे तांदूळ कोणत्या बांधीतला, कोणाच्या शेतातला आहे आणि मालकाचं त्या सकाळी बायकोशी भांडण झालंय की नाही. पण परखी मारायचे तेव्हा तोंडाशी एकदा, पोटात एकदा, बुडाशी एकदा. कारण लोक तोंडाशी चांगला तांदूळ ठेवतात आणि खाली कणी. तुम्ही बाई, बुडाशीही परखी मारली होती, खरं आहे. पण माझ्या घरच्यांनी नळीच्या तोंडाशी हात धरला आणि कणी काढून चांगला दाणा ठेवला. कणी म्हणजे मी.

त्या हसल्या नाहीत. मी विचारलं, मग जास्त लोकांचं रक्त घेतलं असतं तर? त्या म्हणाल्या, काही फरक पडला नसता. चिठ्ठीत नशिबाचा थोडा इकडेतिकडे खेळ असतोच, तो जास्त माणसं घेतली की कमी होतो. पण प्रत्येक आजारी माणसाच्या जागी बरा माणूस उभा राहिला, तर चूक एकाच बाजूला झुकत जाते. दहा माणसं घ्या की शंभर, तीच खोटी गोष्ट अजून मोठ्या आवाजात सांगितली जाईल.

मोठ्या आवाजात खोटं सांगण्याबद्दल मला थोडं कळतं.

मग मी यासीनला बोलावलं. शकीलाने त्याला आत येऊ दिलं. मी एकच विचारलं, "बाई रोज खाटेशी उभी राहून बोलून राह्यली होती. तू काऊन बोलला नाई?"

तो खाली बघत म्हणाला की बाई रागावतील, खोटं नाव सांगितलं म्हणून आपल्याला दवाखान्यातून काढून देतील असं वाटलं. आणि पुढे म्हणाला, एकाच मायचे दोघं, रक्त तर एकच असणार. मला हे उत्तर पुरलं नाही. आजही पुरत नाही. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. घरी आल्यावर दुकानात त्याला काही सांगायचं असेल तर मी पंपाला सांगायचो, "पंपा, त्या माणसाले म्हना, पाना आन." पंप बिचारा मधल्यामधे पिळून निघाला.

पुन्हा मडकं

पाऊस सरल्यावर डॉक्टरबाई पुन्हा गावात आल्या. पहिल्या सगळ्या काचा त्यांनी रद्द केल्या होत्या. म्हणाल्या, रफिकभाऊ, तुम्ही लोकांना सांगा, तुमचा आवाज पोचतो.

मी मडक्याशेजारी उभा राहिलो आणि माझ्या मोडक्या माडियात सांगितलं. हे कुंपणाचं काम नाही. इथे घराचा माणूस चालत नाही. चिठ्ठीला तुझं घर नको, तू हवास. तुझा ताप हवा. तू पडून असशील तर बाई तुझ्या खाटेशी येईल. तू आपल्या जागी भावाला पाठवलास तर भावाचं रक्त खरं बोलेल आणि त्या खऱ्याने तू मरशील. मी मरून आलोय, मला विचारा. तिथे यमाच्या सायकलीचं पंक्चर काढून दिलं म्हणून त्याने परत पाठवलं. लोक हसले. लालसूभाऊ हसले नाहीत. त्यांचा स्वतःचा पुतण्या त्या पावसात तापाने गेला होता, आणि पहिल्या वेळी त्याच्या जागी ते स्वतः बोट टोचून आले होते. हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं.

बाईंनी मडकं हलवलं. चिठ्ठ्या निघत गेल्या. मग एक निघाली: यासीन.

यासीन तिथे नव्हता. सकाळपासून तो घरात गोधडी घेऊन पडला होता. थंडी वाजत होती. मला माहीत होतं. मी पंपाला विचारलं होतं आणि पंपाने सांगितलं होतं.

लालसूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. एवढं सगळं ऐकूनही तोंडातून गेलंच त्यांच्या, जुनी सवय. "रफिक, तो पडून हाये. तू जाशील?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला त्या गावात पहिल्यांदा दारात आलेली हाक आठवली. मी म्हटलं, "नाई जात."

मी बाईंना घेऊन घरी गेलो, मागून अर्धं गाव आलं. यासीन गोधडीतून बघत होता. आधी त्याला वाटलं मी त्याच्यासाठी बोट पुढे करीन. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग त्याने बघितलं की मी बाजूला सरकलो आणि बाईंना जागा करून दिली. सगळ्यांसमोर. त्याने गोधडीतून हात बाहेर काढला आणि तोंड भिंतीकडे केलं.

बाईंनी सूक्ष्मदर्शक सोबतच आणला होता. जंतू निघाले. माझ्यात होते तेच, पण अजून थोडेच. गोळ्या तिथल्या तिथे सुरू झाल्या आणि या वेळी गावाचं नाव फवारणीच्या रांगेत पुढे गेलं.

संध्याकाळी शकीलाने पेजेची वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तुमीच द्या. पंप नाई देनार. मी खाटेशी बसलो. त्याने उठून पेज प्यायली. मी इतक्या दिवसांनी त्याच्याशी सरळ बोललो. म्हटलं, "पाह्यलं ना? तुझ्या नावाचं रक्त तुझंच गेलं म्हनून वाचला तू. हेच मी सांगून राह्यलो होतो. समजलं आता?"

त्याने वाटी खाली ठेवली. तोंड पुसलं.

"तुमच्या येळेस मी गेलतो, भाई," तो म्हणाला.